उरलेला बुंधा

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही खोड स्त्रीलिंगी. झाडाचे खोड मात्र नपुंसकलिंगी, आणि त्याचा न्याय अगदी उलटा. झाड मेले तरी ते जात नाही. वर्गात लिंगविचार शिकवताना मी हे उदाहरण देतो. मुले हसतात आणि तास संपला की विसरतात. ज्यांच्या अंगणात एखाद्या तोडलेल्या झाडाचा बुंधा ठाण मांडून बसला आहे, ते मात्र हसणार नाहीत.

एरवी या सदरातून मी आपल्याशी शब्दांविषयी बोलत असतो. दिवाळी अंकासाठी काही खुसखुशीत, चकलीच्या जातीचे लिहावे, असे संपादकांनी सुचवले होते. पण यंदा माझ्या डोक्यात बुंधाच बसला आहे, आणि तो काढल्याखेरीज तिथे दुसरे काही उगवेल असे वाटत नाही. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर अंगणात चला.

आमचे नाशिक हे मूळचे बागांचे गाव. मोगलाईत त्याला गुलशनाबाद म्हणत. पंचवटी तर पाच वड नावातच घेऊन बसली आहे. १९८२ साली इथे महानगरपालिका झाली. गाव गंगापूर रोडकडे, इंदिरानगरकडे, सिडकोकडे पसरत गेले. त्या सुमारास उठलेल्या बंगल्यांपुढची बाग ठरलेली असे. फाटकावर बोगनवेल, कुंपणाला मेंदी, खिडकीशी पारिजातक, मोरीच्या पाण्यावर केळ आणि कढीपत्ता, आणि एका कोपऱ्यात आंबा नाही तर गुलमोहर. रोप लावतेवेळी ते काठीएवढे असते. भिंतीपासून हातभर अंतर सोडले तरी आपण फार दूरदृष्टी दाखवली असे वाटते. चाळीस वर्षांनी त्याच जागी भिंत आणि झाड यांचा वाद उभा राहतो. त्या वादात बहुधा भिंत जिंकते, कारण भिंतीसाठी कर्ज काढलेले असते.

झाड आपल्या अंगणातले असले तरी ते सर्वस्वी आपले नसते. महाराष्ट्रात नागरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळा मान मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी रोपे लावावीत, असे ठरले. हे सगळे योग्यच आहे. पण परवानगीच्या कागदावर झाड का तोडायचे ते विचारतात. मागे उरणाऱ्या बुंध्याचे काय करणार, हे निदान माझ्या पाहण्यात तरी कोणी विचारलेले नाही.

मग एके दिवशी तोडणारे येतात. सकाळी नऊला दोर बांधतात, चारच्या सुमारास अंगण मोकळे होते. फांद्या टेम्पोत, ओंडके वखारीत. घरात एकदम इतका उजेड येतो की भिंतीवरचे पोपडे दिसू लागतात. आणि मधोमध, ताज्या कापलेल्या अंगाने, बुंधा बसलेला असतो. त्याविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते: "बुंध्याचे पैसे वेगळे पडतील." लाकडाला भाव आहे म्हणून लाकूड जाते, बुंध्याला नाही म्हणून तो राहतो. मालकही म्हणतो, राहू दे, कुजेल हळूहळू.

इथेच पहिली गफलत होते. तो बुंधा मेलेला नसतो. झाडाचे जे आपल्याला दिसत होते ते गेले. जे दिसत नव्हते ते जागच्या जागी आहे. बहुतेक झाडांची मुळे आपल्या समजुतीप्रमाणे पाताळात जात नाहीत. वरच्या दोन-तीन फूट मातीतच ती पसरतात, पण फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत. त्या मुळांत अन्नाचा साठा असतो, आणि बुंध्याच्या सालीखाली डोळे निजलेले असतात. वरचा भार गेला की ते डोळे उघडतात. कडुनिंब, निलगिरी, सुबाभूळ, साग यांचे बुंधे पहिल्या पावसातच फुटवे फेकतात. नारळाला हे जमत नाही. त्याचा वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्याला. शेंडा गेला की नारळ संपला.

शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असते. म्हणून त्याच्या भाषेत या उरलेल्या भागासाठी जितके शब्द आहेत तितके आम्हा प्राध्यापकांच्या कोशात एके ठिकाणी सापडायचे नाहीत. ज्वारी-बाजरी कापल्यावर मुळांसकट उरते ते धसकट. पेरणीआधी धसकटे वेचणे ही बुंधे काढण्याचीच धाकटी आवृत्ती. ऊस तोडल्यावर जमिनीलगत उरतात ते बुडखे. ते नीट छाटले की त्यांतून दुसरे पीक येते, त्याचे नाव खोडवा, आणि त्यानंतरचा निडवा. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला 'खुंट' म्हटले की तोडलेले झाड आठवत नाही. ज्याच्या मुळांवर चांगल्या जातीचे कलम बांधायचे ते काटक रोप म्हणजे खुंट. आणि सागाची लागवड करताना वर्षभराच्या रोपाचा शेंडा छाटून, बोटभर खोड आणि खालचे मूळ एवढेच जमिनीत लावतात. तिला सागजडी म्हणतात. म्हणजे एकाच्या अंगणात जी अडगळ, तीच दुसऱ्याच्या शेतात लागवड. आपण शहरातली माणसे मात्र वाढ थांबण्याला 'खुंटणे' म्हणतो. द्राक्षाच्या खुंटाने ऐकले तर तो बिचारा काय म्हणेल?

बुंधा तसाच सोडला तर दोन गोष्टी संभवतात. तो फुटतो, किंवा कुजतो. फुटला तर दर पावसाळ्यात कोयता घेऊन बसावे लागते. कुजू लागला तर त्याच्यावर भूछत्रे उगवतात, बुरशीचे तवंग चढतात, आणि वाळवीला घरबसल्या अन्नछत्र मिळते. वाळवीला बुंधा कुठे संपतो आणि दाराची चौकट कुठे सुरू होते हे कळत नाही. काही बुरशी मुळांवाटे शेजारच्या धडधाकट झाडालाही लागतात. बुंधा पुरता नाहीसा व्हायला कित्येक वर्षे जातात. त्याला घाई नसते, घाई आपल्याला असते.

घाई झालेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो भोके पाडून मीठ भरा. कोणी मोरचूद सांगतो, कोणी तेजाब. रॉकेल ओतून पेटवून द्या, असे म्हणणारे महाभागही आहेत. मिठाने आणि मोरचुदाने माती बिघडते, आणि मग तिथे पुढे काही लावायची सोय राहत नाही. पेटवलेला बुंधा वरून विझला तरी मुळांवाटे जमिनीखाली धुमसत राहू शकतो. हिंग भरला की झाड मरते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण हिंगाचे आजचे भाव पाहता तो आमटीतच घातलेला बरा. कापल्याबरोबर काही मिनिटांत ओल्या सालीवर लावायची रसायने असतात, परंतु ती जाणत्याच्या हातची. शिवाय एकाच जातीची दोन झाडे जवळजवळ असली तर त्यांची मुळे जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असू शकतात, आणि एकाला पाजलेले विष दुसऱ्याला चढते.

हे जुळलेपण किती खोल असते याचा एक दाखला न्यूझीलंडमधून आला आहे. तिथल्या दोन शास्त्रज्ञांना ऑकलंडजवळच्या रानात कौरी जातीच्या झाडाचा एक बुंधा दिसला. पान नाही, फांदी नाही, तरी जिवंत. त्यांनी मापके लावून पाहिले तेव्हा असे आढळले, की शेजारची झाडे जुळलेल्या मुळांतून त्याला पाणी पुरवीत होती. दिवसा शेजारी पाणी ओढत तेव्हा हा निजलेला, आणि रात्री ते थांबले की याच्यात पाणी खेळू लागे. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्याला सावली देता येत नाही, फळ देता येत नाही, अशा घरातल्या म्हाताऱ्याला कोणी वेळेवर पेज नेऊन द्यावी, तसा हा प्रकार.

असो. माझ्या डोक्यात बुंधा का बसला, ते आता सांगतो. आमच्या वसाहतीत दोन भावांची दोन घरे एकमेकांना लागून आहेत. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात, धाकट्यांना भाऊ. त्यांच्या वडिलांनी १९८० साली बंगला बांधला तेव्हा अंगणात आंब्याची कोय लावली. वडील गेल्यावर वाटणी झाली. मोजणीची रेघ नेमकी आंब्यातून गेली. भिंत पूर्वेकडून आंब्यापर्यंत आली, थांबली, आणि आंब्याच्या पलीकडून पुन्हा सुरू झाली. दोघा भावांचे बोलणे त्याच साली थांबले, ते मात्र पुन्हा सुरू झाले नाही. अकरा वर्षे झाली. आंबा दोन्हीकडे फळत होता, आणि ज्याच्या बाजूला पडेल तो आंबा त्याचा, असा न बोलता झालेला करार दोन्ही घरे पाळत होती.

पुढे आंब्याला खोडकिडा लागला. या किड्याची अळी खोडाच्या आत बोगदे करीत जाते. बाहेर फक्त भुसा पडलेला दिसतो, आणि तो दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. झाड वाळले. परवानगी मिळाली, २०२३ च्या उन्हाळ्यात ते उतरवले गेले. खर्चाची निम्मी-निम्मी रक्कम आणि त्यासंबंधीचे निरोप माझ्यामार्फत इकडून तिकडे गेले, कारण मी दोघांशीही बोलतो आणि मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे निरोपातले कठोर शब्द गाळण्याचे कौशल्य माझ्यापाशी असावे, अशी वसाहतीची समजूत आहे.

प्रश्न बुंध्याचा उरला. अण्णा म्हणाले, "बुंध्याचा मोठा भाग त्याच्याकडे आहे, त्याने काढावा." भाऊ म्हणाले, "मुळं सगळी त्यांच्या अंगणात गेलीत, त्यांनी काढावा." आंबे लागत होते तेव्हा झाड दोघांचे होते, बुंधा झाल्यावर ते दुसऱ्याचे झाले. अशी दोन वर्षे गेली. दुसऱ्या पावसाळ्यात भाऊंच्या मागल्या दाराच्या चौकटीत वाळवी निघाली, आणि अण्णांच्या अंगणातल्या फरश्या एका बाजूने खचल्या. कुजलेल्या मुळांनी खाली पोकळी केली होती. तेव्हा कुठे दोन्हीकडून एकच निरोप आला: "सर, तुम्हीच एखादा माणूस बघा."

माणूस मिळाला. साठीच्या आसपासचे, पेठकडचे एक मुकादम. चार गडी घेऊन झाडांचीच कामे करतात. त्यांनी बुंध्याभोवती दोन फेऱ्या घातल्या, पहार टोचून पाहिली, आणि पहिले वाक्य बोलले ते असे: "तोडायच्या आधी बोलावलं असतं तर बरं झालं असतं." मी कारण विचारले. ते म्हणाले, "सर, तोडणारा वरून बघतो, आम्ही खालून बघतो."

त्यांनी जे समजावून सांगितले ते बाग असलेल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे. बुंधा मुळांसकट उपटून काढायचा असेल, तर झाड जमिनीलगत कापायचे नसते. छातीएवढे खोड उभे ठेवायचे. मग भोवती दोन-तीन फुटांवर चर खणून आडवी मुळे एकेक करून कुऱ्हाडीने तोडायची, आणि त्या उभ्या खोडाला साखळदंड व चेनपुली लावून ते हलवायचे. उंच खोड म्हणजे तरफेचा लांब दांडा. थोड्या जोरावर खालचे सोटमूळ निसटते. तेच झाड जमिनीलगत कापले की दांडा गेला, आणि सगळा जोर माणसांच्या पाठीवर आला. उलट, यंत्राने बुंधा किसून काढायचा असेल, तर तो जितका खाली कापलेला तितके काम हलके. म्हणजे बुंधा कसा काढायचा, हे झाड उभे असतानाच ठरवायला हवे. ठरवतो कोण?

जेसीबीचा प्रश्न मी काढला. मुकादमांनी मान हलवली. जेसीबीला बुंधा उपटायला वेळ लागत नाही. पण तो बुंध्याबरोबर नळ, ड्रेनेजचा पाइप आणि भिंतीचा पायाही उचलतो. इथे दोन्हीकडे भिंत. शिवाय काळी माती. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. इतकी वर्षे आंबा तिच्यातले पाणी पीत होता. तो गेल्यावर ती आधीच जास्त ओल धरू लागली होती. अशा ठिकाणी पायालगत मोठा खड्डा करणे म्हणजे बुंधा काढून भिंत गमावणे. शेवटी ठरले ते यंत्र.

हे यंत्र आपल्याकडे अजून सर्रास दिसत नाही. एक उभे, जाड पोलादी चाक, त्याच्या कडेला कठीण धातूचे दात, आणि ते फिरवायला इंजिन. चाक बुंध्यावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवत नेतात. दर फेरीला लाकडाचा थोडा थर भुसा होऊन उडतो. खोबरे किसावे, तसा बुंधा जागच्या जागी किसला जातो. जमिनीखाली वीतभर ते फूटभर खोल गेले की थांबायचे. पलीकडची मुळे आपली आपण कुजतात. जागा कमी लागते, भिंतीला धक्का लागत नाही. मात्र ढलप्या गोळीसारख्या उडतात, तेव्हा खिडक्यांना फळ्या लावायच्या आणि पोरांना घरात ठेवायचे. या यंत्राचे दोन शत्रू: दगड आणि लोखंड. दगड पहारीला लागतो, लाकडाच्या पोटातले लोखंड लागत नाही.

म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी मुकादमांनी विचारले, "या खोडात कधी काही ठोकलं होतं का? खिळा, तार, कडी?"

अण्णा आपल्या बाजूला उभे होते, भाऊ आपल्या. दोघांच्या मध्ये बुंधा आणि भिंतीची दोन टोके. कोणी काही बोलेना. मुकादम म्हणाले, "लोखंड असेल तर दात जाईल. दाताचे पैसे कोण देणार तेवढं आधी सांगा."

अण्णा माझ्याकडे पाहून म्हणाले, "वासराला बांधायला बाबांनी एक कडी ठोकली होती. ती खोडानं गिळली. पूर्वेच्या अंगाला होती."

"पूर्वेला नव्हती," भाऊ म्हणाले. तेही माझ्याकडेच पाहत होते. "वासरू सकाळच्या उन्हाला पाठ करून बांधायचो. पश्चिमेच्या अंगाला."

"पूर्वेला," अण्णा म्हणाले. आता ते माझ्याकडे पाहत नव्हते. "तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास."

"दूध तूच काढायचास, पण वासरू मी बांधायचो, अण्णा."

गडी छिन्नी-घण घेऊन बसले. पूर्वेकडून चार बोटे खोल गेले, काही नाही. पश्चिमेकडून वीतभर गेले तेव्हा टणकन आवाज आला. गंजून काळी पडलेली कडी लाकडाच्या गाभ्यात अगदी शाबूत होती. भोवती तीसेक वर्षांची वलये तिला वळसा घालून गेली होती. झाडाचे हे असेच असते. जखम ते भरून काढत नाही, तिच्यावरून वाढत जाते. ती आतच राहते. मुकादमांनी कडी भिंतीच्या टोकावर ठेवली. यंत्र तास-दीड तास चालले आणि बुंध्याच्या जागी भुशाचा ढीग उरला.

पुढची कामे साधी, पण लोक ती टाळतात आणि मग नवे रोप पिवळे पडले म्हणून रोपवाटिकेला दोष देतात. भुसा खड्ड्यात तसाच ठेवून त्यावर माती लोटायची नाही. ताजा लाकूडभुसा कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो, आणि वर लावलेले रोप उपाशी राहते. भुसा बाहेर काढायचा, तो कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा वाटेवर पसरायचा. खड्डा चांगल्या मातीने आणि शेणखताने भरायचा, जरा उंचच, कारण उरलेली मुळे कुजतील तशी जागा बसत जाणार. एक पावसाळा जाऊ द्यायचा. मग तिथे काय लावायचे ते लावा. आणि शक्यतो त्याच जातीचे झाड त्याच जागी नको.

अण्णा-भाऊंचा खड्डा त्याप्रमाणे भरला गेला. भिंतीतली ती तीन-साडेतीन फुटांची फट मात्र अजून तशीच आहे. दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितले आहे, की चांगला गवंडी मिळत नाही. नाशिकमध्ये सध्या इतकी बांधकामे चालू आहेत की हे खरेही असेल. परवा त्या फटीतून एक वाटी इकडून तिकडे गेलेली मी पाहिली. तीत काय होते ते विचारण्याचे मला कारण नव्हते.

प्रत्येक बुंधा काढलाच पाहिजे असे मात्र नाही. घरापासून, पाइपांपासून दूर असेल, झाड धडधाकट असताना तोडावे लागले असेल, तर त्याला फुटू द्यावे. आलेल्या फुटव्यांतला एक जोमदार, जमिनीलगतचा ठेवून बाकीचे काढून टाकावेत. त्या एका फुटव्याला जुन्या झाडाची सगळी मुळे मिळतात. नव्या रोपाला जे जमवायला कित्येक वर्षे लागतील ते याला जन्मतःच वारशाने मिळते. आणि कुजणारा बुंधा कोपऱ्यात असेल, तर वर भोके पाडून शेणकाला ओतावा, मातीने झाकून ओला ठेवावा. कुजण्याला ओल आणि नत्र हवे असते, ते मिळाले की काम लवकर होते.

बुंध्याचे माणसाने इतरही उपयोग केले आहेत. अमेरिकेत पूर्वी रान तोडून वस्ती झाली तेव्हा निवडणुकीचे उमेदवार तोडलेल्या झाडाच्या खुंटावर चढून भाषण करीत. प्रचाराच्या भाषणाला तिथे आजही त्यावरूनच नाव आहे. त्याच देशात कॅलिफोर्नियात १८५३ साली एक राक्षसी सिकोया वृक्ष पाडला. पाडायला तीन आठवडे लागले. मग त्याचा बुंधा तासून सपाट केला आणि त्यावर लोक जोडीने नाचले. हजाराहून अधिक वर्षांचे झाड आणि एका संध्याकाळचा नाच. तो बुंधा आजही तिथल्या उद्यानात आहे. नाचणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

आपल्याकडेही भाषणे होतात, आणि त्यांत 'आमूलाग्र' हा शब्द हमखास असतो. मुळापासून शेंड्यापर्यंत, असा त्याचा अर्थ. बोलणारे बहुधा शेंड्याकडे पाहत बोलतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारताना तिथली झाडे तोडण्याचा विषय २०२५ च्या अखेरीस निघाला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. त्या वादात किती झाडे जाणार याचे आकडे ऐकले, त्यांच्या बदल्यात किती रोपे लावणार याचे आकडे ऐकले. दोन्ही आकडे जमिनीवरचे. मुळांचा आकडा कोणी मांडला नाही, आणि तो मांडता येण्यासारखाही नाही. चाळीस वर्षांच्या झाडाबद्दल चाळीस रोपे, हा हिशेब कागदावर चोख बसतो. पण चाळीस रोपांची मुळे मिळून एका झाडाचे मूळ होत नाही. त्याला चाळीस वर्षेच लागतात.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. ज्याला झाड तोडायचे असेल, तोडावे लागणारच असेल, त्याने आधी खाली पाहावे. हा बुंधा काढणार कोण, कसा, त्याच्याखाली कोणाचे नळ आहेत, कोणाची भिंत आहे, पोटात कोणी ठोकलेली कडी आहे, हे विचारावे. अनेकदा एवढा विचार होईतो तोडण्याची गरजच उरत नाही. चार फांद्या छाटून भागते, किंवा भिंतच हातभर सरकवता येते. आणि ज्याला झाड लावायचे असेल त्याने त्या काठीएवढ्या रोपाकडे पाहताना पंधरा-वीस फुटांचे अंतर मनात धरावे. ते अंतर आज वाया गेल्यासारखे दिसते. पुढे आपल्या मुलांना किंवा पुतण्यांना त्या जागी पहार घेऊन उभे राहावे लागू नये, म्हणून ते सोडायचे.

दिवाळीची साफसफाई अंगणापर्यंत पोहोचली असेलच. कोपऱ्यात एखादा जुना बुंधा असेल, तर त्यावर पणती ठेवायला हरकत नाही. जागा सपाट असते, वारा कमी लागतो. फक्त पणती ठेवण्यापूर्वी त्याला कुठे फुटवा आला आहे का, तेवढे पाहून घ्यावे.